डावा गाल, उजवा गाल

भोसरीच्या प्रयोगशाळेत सकाळी आधी
मी मेंदू ढवळते.
पाणी, मीठ, साखर. साखर इतकी
की तांबोळी म्हणते, लिंबू पिळ यात,
अख्ख्या एमआयडीसीला सरबत होईल.
बावीस अंशांवर आणायचं, मापायचं,
मग ओतायचं त्या डोक्यात.
उताणं, पोकळ, अर्धंच डोकं.
कान आहेत, डोळे नाहीत.

फोन खालून लावते. डावा गाल.
डावा, तिरका. उजवा गाल. उजवा, तिरका.
रोबोटचा हात द्रवात सुई बुडवून
चाचपत जातो मिलिमीटर मिलिमीटर,
आई केसांतून उवा शोधायची तसा,
फक्त टपली मारत नाही.
एका ग्रॅममध्ये किती मुरलं, एवढंच त्याला हवं असतं.
फोन पूर्ण ताकदीनं ओरडत राहतो
त्या कानाशी,
शब्द एकही नाही.

मर्यादा एक पूर्णांक सहा दशांश.
आज आलं शून्य पूर्णांक त्र्याण्णव शतांश.
तांबोळी ‘पास’ लिहिते आणि डबा उघडते.

नाशिक फाट्याच्या सिग्नलला
शेजारच्या स्कूटीवरची मुलगी,
स्कार्फ कपाळापासून हनुवटीपर्यंत गच्च,
आणि त्याच्या आत गालाशी फोन खोचलेला.
हसत होती. किंवा रडत असेल,
डोळेच तेवढे दिसतात.
गाल म्हणावा तर गाल नाही, तिरका म्हणावा तर तिरका नाही,
आमच्या पुस्तकात ही जागाच नाही.

सोसायटीच्या मीटिंगला घोडनदीकर काका
गच्चीवरच्या टॉवरवरून पेटले.
‘तू यातलीच ना? हो की नाही,
एका शब्दात सांग.’
मी म्हटलं, मर्यादेच्या आत.
‘हे दोन झाले,’ म्हणाले,
तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला.
मुलीचा. तिकडे सकाळ.
कानाला घट्ट लावून ते जिन्यात गेले
ते मीटिंग संपली तरी आले नाहीत.

रात्री अप्पांचा फोन, जुन्नरच्या पलीकडून.
ते बोलत नाहीत फार, नुसतं धरून ठेवतात.
‘आहेस ना?’
‘आहे.’
मध्येच खरखर, मध्येच काहीच नाही.
तिकडे रेंज नसते,
आणि रेंज जितकी कमी
तितका फोन जास्त जोर लावतो,
हे मला पाठ आहे.
कान तापलाय. तो बॅटरीनं, हेही पाठ आहे.

डाव्या गालावरून उजव्यावर घेते.
ठेवा आता, असं काही
म्हणत नाही.