अडतीस किलोमीटर

मायलेज किती, विचारतात सगळे.
उद्यमबागेत चहाला थांबलो की, लग्नात,
एकदा तर तेराव्याच्या पंगतीत, पान वाढून व्हायच्या आत.
मी म्हणतो, कुठं जातोस त्यावर हाय.
अनगोळ ते कारखाना, तर पेट्रोलचा थेंब नको.
निपाणीला गेलो तर हत्तरगीच्या टोलापर्यंत वीज,
पुढं पेट्रोल.
"म्हणजे सरासरी किती की?"
सरासरी काढायची ही गाडी न्हवे, भाऊकाण्णा,
असं म्हणून मी आमटी मागतो,
कारण मलाच नीट ठाऊक नाही.

पुण्याहून आणली, चार वर्षं वापरलेली.
मागच्या काचेवर कुठल्याशा शाळेचा स्टिकर,
खरवडला तरी गोंद राहिलाच.
पाटी एमएच बाराची. ती उतरायला सात महिने:
तिकडची ना-हरकत, इकडचा टॅक्स,
हा कागद मराठीत आहे, कन्नडात करून आणा,
आणला, तर साहेब रजेवर.
सात महिने हायवेवरच्या प्रत्येक पोलिसाला
एकच गोष्ट सांगितली,
अर्धी त्याच्या भाषेत, अर्धी माझ्या.
तो कंटाळला की समजायचं, जा.

बसलिंग वायरमननं सोळा ॲम्पियरचा पॉइंट काढून दिला,
म्हणाला, गाडी आणि वॉशिंग मशीन एकदम नको.
म्हणून मंगळवारी, शुक्रवारी गाडी उपाशी.
वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाते,
खिडकी चार बोटं उघडी राहते,
शेजारची मांजर दूध पिऊन जाते.
हे कुठल्या खर्चात धरायचं?

एकदा पहाटे, उभ्या उभ्या, इंजिन आपोआप सुरू झालं.
बंद करायला गेलो, ऐकेना.
हुबळीच्या शोरूममधला पोरगा फोनवर म्हणाला,
घाबरू नका, टाकीतलं पेट्रोल शिळं झालंय,
दोन महिने तुम्ही हात लावला नाही,
तेव्हा ती स्वतःच जाळून टाकते.
मी अंगणात बनियनवर उभा.
शिळं झालेलं स्वतःच ओळखते,
एवढी अक्कल मला असती तर
थोरल्या भावाशी एव्हाना बोललो असतो.

ढलाईत चाळीस वर्षं गेली, ग्राइंडरच्या बाजूचा
उजवा कान जवळजवळ नाही.
जुनी सुमो गिअरच्या दांड्यातून कळायची, तळहाताला.
ही चालू की बंद, कळतच नाही.
दोनदा चालू सोडून आत गेलो,
मोनाप्पा वॉचमन पळत आला,
"मालक, गाडी जागी हाय!"

डावा कान मात्र आहे अजून.
बिडीला निघालो होतो, गिरिजाच्या माहेरी.
झाडशहापूर गेलं, आणि शेजारून काहीतरी
बारीक, सारखं. वाटलं बेअरिंग.
गाडी बाजूला घेतली. आवाज थांबला.
पुन्हा निघालो, पुन्हा सुरू.
बेअरिंग नव्हतं.
ती मोजत होती, ओठातल्या ओठात, कन्नडात.

काय मोजतेस?
"काही नाही."
खानापूर आलं तेव्हा म्हणाली,
"झाडं. रस्त्याकडेची. लग्न झाल्यापासून मोजतो मी.
रुंदीकरणात लई गेली."
एकतीस वर्षं. आधी मॅटाडोर, मग सुमो,
इतक्या आवाजात ती मोजत होती
आणि मी टेपचा आवाज वाढवत होतो.

नंदगडच्या पुढं वीज संपते.
इंजिन लागलं, तिचे ओठ हलत राहिले,
ऐकू काही येईना.

या खेपेला मी चाळिशीच्या वर गेलोच नाही.
ऊस भरलेले ट्रॅक्टर ओव्हरटेक करून गेले.
एसीही बंद केला.
"उकडतंय की," ती म्हणाली.
मायलेज वाढवतोय, म्हणालो.
तिनं पदरानं मान पुसली,
बाहेर बघितलं, कुठं सोडलं होतं ते आठवलं.
एंबत्तोंदु.
एंबत्तेरडु.