चालतं, चालेल, चालशे

पहिल्या ओळींनी त्रास दिला नाही.
विंडोज अकरा, चौसष्ट बिट : चालतं.
उबुंटू, मागच्या दोन आवृत्त्या : चालतं.
मॅक : मालकांच्या मुलानं दिवाळीत एकदा लावून पाहिलं,
चाललं, पण काट्याची केबल खुपसायला
त्याला भोकच नव्हतं.

रावपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
मी वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचा तक्ता लिहीत होते :
कुठली सिस्टिम, कुठला प्रोसेसर,
आणि आम्ही कशाची हमी घेतो.
हसितभाई बशीत चहा ओतत म्हणाले,
लखी नाख ने, बधे चालशे.

मी इथलीच. चालशे मला कळतं.
आईचं चालेलही कळतं,
आवडलेली साडी दुकानात ठेवून
दुसरी घेताना ती म्हणते ते.
चालशे म्हणजे पुढचं पुढे.
यंत्राला दोन्ही कळत नाहीत.
ते चालतं, नाहीतर काळ्या पडद्यावर
एक ओळ लिहून उभं राहतं.

म्हणून मंगळवारी वही घेऊन निघाले.
मकरपुरा, पोर, मग उलटं फिरून पादऱ्याचा रस्ता.

काट्याच्या केबिनीत फतेसिंग पढियार,
खांद्यावर टॉवेल, खिडकीत कुरकुरणारा प्रिंटर.
कॅबिनेटवर दसऱ्याचा चांदलो अजून शाबूत,
बटणाच्या बरोब्बर वर.
किती बिटचं आहे? मी विचारलं.
साठ टननो, ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. बत्तीस.
एक्सपी. आमचीच चौथी आवृत्ती,
जिला आम्ही दोन वर्षांपूर्वी
एका मीटिंगमध्ये, वेफर्स खाता खाता, संपवलं होतं.
आतली बॅटरी मेलेली.
ते यंत्र रोज सकाळी
एक जानेवारी दोन हजार दोनमध्ये उठतं
आणि पढियार त्याला बोट धरून
आजपर्यंत आणतात,
पहिला ट्रक यायच्या आत.

तुरीचा ट्रक आला. काटा थरथरला, थांबला.
भरलेलं वजा रिकामं.
पावती बरोबर निघाली.
मी दोनदा हिशेब केला.

परत आल्यावर जगदाळे म्हणाला,
ओढ रेघ त्या ओळीवर.
ठेवायची तर टेबलाखालचं ते खोकं जिवंत ठेव,
प्रत्येक बदलानंतर त्यावर बांधून बघ,
आणि ते बिघडलं तर पार्ट कुठून आणणार?
त्याचं खरं होतं.
खोक्याचा पंखा पायाशी घरघरत होता,
त्याच्यावर मी कधीची चप्पल टेकवून बसले होते.

मग मी तक्ताच काट्यावर चढवला :
लिहिलेलं वजा तपासलेलं.
जे उरलं ते बरंच होतं.
अकरापैकी सहा ओळी
आमच्यातल्या कुणीही कधी
डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या.
चालशे होतं सगळं,
टापटीप, हिरव्या रंगात.

रात्री साडेनऊपर्यंत बसले.
खाली दुकानांची शटरं पडली.
हिरवा काढून टाकला. लिहिलं :

एक्सपी, बत्तीस बिट. नवी आवृत्ती चालत नाही,
आम्ही चालवणारही नाही.
चौथी चालते. शेवटची तपासणी मंगळवार,
पादरा रस्ता, तूर, नऊ टन चारशे वीस किलो.
तारीख रोज सकाळी हातानं घालावी.

विंडोज दहा : फक्त मकरपुऱ्यात पाहिलं.

एआरएम, ते पत्त्यांच्या जोडाएवढं मंडळ :
माहीत नाही.

सकाळी हसितभाईंनी चष्मा कपाळावर सरकवून
शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली.
गिऱ्हाईक बघणार हे, ते म्हणाले.
माहीत नाही, आवुं लखाय?

लखाय, मी म्हटलं,
आणि खोक्यावरचा पाय काढून घेतला.