चार डिग्री

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
बेदाण्याच्या पेट्यांमागे, काळ्या पिशवीत गुंडाळून
मी माझं इन्सुलिन ठेवते.
चार डिग्री. त्यालाही तेवढंच लागतं.
घरच्या फ्रीजमध्ये नको, आई म्हणाली,
सोयरिकीची माणसं यायला लागली तेव्हापासून.

दिवसभर मी बेदाणा निवडते.
हिरवा, पिवळा, काळा, देठ राहिलेला.
कुणी चवीला दाणा तोंडात टाकला
की मी खाली बघते.

सगळे मला किती म्हणून विचारतात.
मामा फोनवर : किती?
डॉक्टर कागदावरून नजर न काढता : किती?
आई दाराआडून, नुसत्या हाताच्या खुणेनं : किती?
तीनशे बारा म्हटलं की घरात भांडी आपटतात.
म्हणून मी वहीत एकशे चाळीस लिहीत गेले.
एकशे छत्तीस. एकशे बेचाळीस.
थोडं वरखाली, खरं वाटावं म्हणून.

सांगलीच्या सिव्हिलमध्ये, मंगळवारी,
जुन्या एक्स-रेच्या खोलीत हेरवाडे मॅडम बसतात.
केसपेपर : मैथिली खोत, वय बावीस,
टाइप वन, नववीपासून.
त्या म्हणाल्या, कशी आहेस?
मला वाटलं, चुकून म्हणाल्या.
पंखा खडखडत होता. त्या थांबून राहिल्या.
मी एसटीबद्दल बोलले, हळदीनं शिंका येतात त्याबद्दल.
पहिला मंगळवार तसाच गेला.
दुसराही, बराचसा.

तिसऱ्या वेळी कसं कोण जाणे, तोंडातून निघालं :
पाहुण्यांसमोर लाडू खाल्ले मी.
दोन. हसत. सुई दिसायला नको म्हणून सुई न घेता.
मग रात्रभर पाणी पीत मोरीच्या फरशीवर बसले
आणि वाटलं, सकाळ नाही झाली तरी चालेल.
मॅडम 'असं बोलू नये' म्हणाल्या नाहीत.
अजून वाटतं का तसं, एवढंच विचारलं.
कधी कधी, म्हटलं मी.
मग : त्या फरशीवर तुझ्याजवळ कोण असायला हवं होतं?

उत्तर यायला इतका वेळ लागला
की शिपाई दोनदा डोकावून गेला.
धाकटी, म्हटलं. ती पलीकडच्याच खोलीत होती.
जागी असणार.

निघताना त्या म्हणाल्या,
पुढच्या वेळी एक खरा आकडा आण. एक पुरे.

दोनशे शहाऐंशी.
त्याच्यापुढे लिहिलं : आईवर चिडले होते.
धाकटीनं ते वाचलं,
वही मिटली, आणि माझ्या अंथरुणावर सरकून झोपली.

साखर अजून चढते.
मंगळवारचा अर्धा दिवस पगारातून कापतात.
आई अजून खिडकी लावूनच सुई आणून देते.

काल दस्तगीरचाचा पेट्या हलवत होते.
काळी पिशवी वर धरून म्हणाले,
हे कुणाचं गं पोरींनो?
निवडणारे सगळे हात थांबले.
माझं, म्हटलं.

मग स्केचपेननं खोक्यावर नाव घातलं.
गारठ्यानं शाई धड उठेना.
दोनदा गिरवलं.