तीनशे चाळीस मिलिग्रॅम

हरिपूरला अजून दोन-चार पेवं शिल्लक असतील.
तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल,
आणि खाली अख्खी खोली.
उतरण्याआधी कंदील सोडायचे.
विझला, तर थांबा, आत हवा नाही.
त्या काळोखात हळद वर्षानुवर्षं राहायची
आणि वर यायची ती किडीशिवाय.
जिनगोंडा मगदूम म्हणतो, आपलं पहिलं पॅकिंग ते.
मातीचं, आणि टोपण दगडाचं.

तो आमच्या कुपवाडच्या कारखान्यात डायमेकर.
आम्ही टोपणं करतो,
खोकल्याच्या औषधाची, खोबरेलाची, फिनेलची,
रोज चाळीस हजार.
असलं की कुणी बघत नाही टोपणाकडे,
हरवलं की घरभर शोधतात.

चिमटीचं खूळ त्याच्या डोक्यात कधी शिरलं
ते कुणी विचारलं नाही.
त्याचा उजवा अंगठा पेरापर्यंतच आहे.
मशीन नंबर तीन, जुनी गोष्ट.
ताटातलं मीठ तो डाव्या हातानं घेतो
आणि ते जास्तच पडतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत
सोनाराकडचा काटा आणला मागून.
म्हणाला, बायांनो, यात चिमूटभर हळद घाला.
किती माणसांच्या भाजीला? कल्लव्वानं विचारलं.
चार.
कल्लव्वाची भरली तीनशे चाळीस मिलिग्रॅम.
रुकसानाची दोनशे दहा,
सासूला पिवळंजर्द चालत नाही म्हणाली.
माझी तीन वेळा तीन.
"तुझं चित्त नाही भाजीत," शेवंता हसली.
जिनगोंडानं वहीत सरासरी काढली,
मग खोडली,
आणि कल्लव्वाचाच आकडा धरला.

पहिल्या टोपणाला नुसतं भोक. उलटं केलं की भसकन.
दुसऱ्याला जाळी.
पाचव्यापर्यंत सगळी तिसऱ्या दिवशी तुंबली,
कारण हळद घालतात ती उकळत्या कढईवर
आणि वाफ काही आम्हाला विचारून वर जात नाही.
अकराव्यात त्यानं चकती बसवली.
चकतीला खाच. खाच भरते,
फिरवली की खालच्या भोकावर येते,
तोवर वरचं भोक बंद.
दोन दारं, पण एका वेळी एकच उघडं.
टक्. तीनशे चाळीस.
टक्. तीनशे अडतीस.
टक्.
टाळ्या नाही वाजवल्या, शिफ्ट चालू होती.

मसाल्याच्या कंपनीचे साहेब आले पुण्याहून.
टक् टक् करत बसले, लहान पोरासारखे.
म्हणाले, झकास. खाच तेवढी दुप्पट करा.
बाई सवयीनं फिरवणार एकदाच.
बाटली महिन्याची पंधरा दिवसांत संपली पाहिजे.
जिनगोंडा म्हणाला, भाजी कडू होईल.
साहेब म्हणाले, भाजी आपला विषय नाही.

साचा कपाटात गेला,
ग्रीस लावून, जुन्या पेपरात गुंडाळून.
त्या पेपरात बेदाण्याचे भाव होते, एवढं आठवतं.
आम्ही परत फिनेलवर.

दिवाळीच्या सुट्टीआधी, बोनसच्या दिवशी,
सातच्या शिफ्टला आत शिरलो
तर टूलरूमच्या पायरीपुढं झाडलेली फरशी
आणि तिच्यावर पांढरे ठिपके.
पंधरा ओळी, ओळीला पंधरा.
एकही बारीक नाही, एकही मोठा नाही.
कडेला ती बाटली, आत हळदीऐवजी रांगोळी.
रेष मात्र एकही नव्हती.
टोपणाला ठिपका येतो, रेष येत नाही.

जिनगोंडा आत पाठमोरा, कानस घासत होता,
घासायला काही नसताना.

कल्लव्वानं डबा भिंतीला टेकवला,
पदर खोचला, बसली.
शेवंता बसली. मी बसले.
भोंगा झाला. सुपरवायझरनं घड्याळ पाहिलं,
मग कशासाठी तरी स्टोअरकडे निघून गेला.
रुकसानानं चिमूट भरून घेतली,
हात हवेत तसाच धरून म्हणाली,
कुठून सुरू करू गं?
कुठूनही कर, कल्लव्वा म्हणाली,
ठिपके सरळ आहेत.