मोरीची भिंत

पारोळ्याला सुकलाल वाण्यांच्या पोराला
मोबाइलचं दुकान काढायचं होतं,
ओसरी आणि मधलं घर एक करून.
शेठ आधीच बोलले, "खांबले हात लावू नको.
आखाजीले त्याले हळद-कुंकू लागस."
बाकी मोरीची भिंत पाड, खुशाल पाड,
ती नंतरची, चार इंची, मातीत रचलेली.

मी वर पाहिलं.
धाब्यावर दरसाल खारी मातीचा एक थर,
जुना कुणी काढत नाही, नवा टाकतात.
पन्नास वर्षांत माणसाच्या डोक्यावर
एक अख्खं वावर जमा होतं.

रेमसिंग खांबाच्या बुडाशी झाडत होता.
झाडूची काडी
लाकूड आणि तळखड्याच्या मधून
पलीकडे निघाली.
मी खिशातली लग्नपत्रिका काढली, सरकवली.
चारी बाजूंनी फिरली, कुठे अडली नाही.

खांब उभा नव्हता.
वरच्या खुंट्यानं तुळईला लटकला होता,
हळद-कुंकवासकट.
बूड कधी खाल्लं ते वाळवीला ठाऊक.

मग मोरीकडे गेलो.
ओल, साबण, मिश्रीचे डाग,
खिळ्याला कुणाचा तरी पंचा.
कर्णीची मूठ मारली, कान लावला.
पडदी पोकळ वाजते.
ही वाजली नाही,
माझ्याच मनगटाला झिणझिण्या आल्या.
वर तुळईच्या पोटात विटांच्या कडा रुतलेल्या,
आणि भिंतीला भेगा, केसाएवढ्या,
एकूण एक चुन्यानं बुजवलेल्या.
चुन्यात बोटं उमटलेली. बारीक बोटं.

"हे कोण बुजवतं?"
शेठनी पोराकडे पाहिलं, पोरानं मोबाइलकडे.
चुलीपासून आवाज आला,
"मी. दर दिवाळीले. चुना उरस ना."
"सांगितलं नाही कधी?"
"काय सांगू? भित ते मोरीनी शे."

भांडं घासायचा आवाज थांबला नव्हता.

दुकानाचा नकाशा मी घडी घालून परत दिला.
सहा जॅक मागवले, धुळ्याहून.
पहिला आवळला तशी
धाब्यातून माती भुरभुरली,
वर काहीतरी कण्हल्यासारखं झालं,
आणि शेठनी घाबरून, जन्माच्या सवयीनं,
खांबाला मिठी मारली.

खांब हलला.

"शेठ," मी म्हणालो,
"जरा मोरीकडे सरका."