कुत्र्याची बोटं

फॉक्सग्लव्हला आमच्या वेल्श भाषेत कुत्र्याची बोटं म्हणतात.
का, ते मला विचारू नका.
कोल्ह्याला हातमोजे चढवणाऱ्यांना कुठे कुणी विचारतं?

गोरोन्वीच्या परसात ती आपसूक उगवतात,
पाटीच्या दगडाच्या कुंपणाला पाठ टेकून.
तो दगड खाणीत त्यानंच चाळीस वर्षं सोलला,
पापुद्रा पापुद्रा.

त्या जूनमध्ये एक झाड भलतंच वागलं.
खालच्या सगळ्या घंटा शिरस्त्याप्रमाणे
माना खाली घालून,
आणि शेंड्यावर, जिथे निमुळतं होत संपायचं असतं,
तिथे बशीएवढं एकच फूल,
आभाळाकडे आ वासून.
वरचा ओठ नाही, खालचा ओठ नाही,
ठिपके चहूकडून घशात उतरलेले.

"ये, बघ," तो म्हणाला. "यात पाणी साचतं."
मी पत्रांची पिशवी फाटकाला अडकवली.
रात्रीच्या पावसाचा एक घोट.
त्यात बुडालेलं चिलट.

भुंगा खालून वर आला, जिना चढावा तसा,
दारोदार थांबत,
आणि शेवटच्या घराला उंबरठाच नाही!
दोन घिरट्या घातल्या, मग घुसला कसाही.
बाहेर आला तो पाठीपोटावर माखलेला,
पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा.

थोरली बहीण नेस्टा म्हणाली, काप ते.
रोग असेल, बाकीच्यांना लागेल.
"रोग असता तर वाळलं असतं," तो म्हणाला.
"हे जरा जास्तच जिवंत आहे."

गावच्या पुष्पप्रदर्शनात परीक्षक टेगवेनबाईंनी
चष्मा कपाळावर सरकवून खालून वरून पाहिलं
आणि कार्डावर एकच शब्द लिहिला: दोष.
ते कार्ड त्यानं स्वयंपाकघरात टाचलं
गोळ्यांच्या डब्याच्या वर.
गोळ्या हृदयाच्या,
याच झाडाच्या भावकीतल्या.

बी तपकिरीसारखं.
माझ्याकडून जुनं पाकीट मागून घेतलं, त्यात भरलं.
पहिलं वर्ष नुसती पानं.
दुसऱ्या वर्षी बावीस दांडे,
बावीसही शहाणे,
बावीसही माना खाली घालून.
रोज सकाळी तो एकेकाचा शेंडा तपासत गेला.
मला वाटलं, आता खचेल.
म्हणाला, "खाणीत शीर दडते, बाई, जात नाही.
दोन हात आत जाते, पुन्हा वर येते."
आणि त्या शहाण्यांचंच बी धरलं.

पुन्हा नुसती पानं.
पुन्हा झड, धुकं, गोगलगायी.

आता हा जून.
तो खाली शहरात इस्पितळात,
खिडकीपासून तिसरी खाट.
पाणी मी घालते, वाटप संपलं की.
काल तीन दांड्यांच्या शेंड्याशी
अंगठ्याएवढं काहीतरी दाटलेलं दिसलं.

तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली,
स्वतः लिहायची सवय नाही.
स्वयंपाकघरातलं ते कार्ड काढलं,
"दोष"च्या पाठीवर लिहिलं: तीन.
तिकीट मात्र पैसे देऊन घेतलं.