काना

वडूजच्या तहसीलमध्ये रेकॉर्ड रूमबाहेर
सकाळी नऊपासून रांग.
सगळ्यांचं बोट जातीच्या रकान्यावर.
एक शब्द सापडला की झेरॉक्स, शिक्का, चहा.
मीही त्याचसाठी आलेलो,
पुतणीच्या ॲडमिशनसाठी.

मोडी वाचणारे फडतरे गुरुजी, पानाला पन्नास रुपये,
भिंग धोतराला पुसून म्हणाले, हे घ्या तुमचं.
एकोणीसशे दोन, फेब्रुवारीची अकरा.
ठकू कोम हैबती. वय अदमासे वीस.

ठकू कोण?
कोम म्हणजे बायको. हैबतीची.

हैबती माझे पणजोबा. पणजीचं नाव गंगू,
तिला मरायला एक्कावन्न साल उजाडलं,
सगळे दात पडून, नातवंडांना शिव्या देत.

गुरुजींचं बोट पुढं सरकलं.
मरणाचं कारण: विहिरीत प
"पडून," ते म्हणाले.
पडूनच का?

मोडीत आधी वरची रेघ ओढतात,
मग सगळं तिला टांगायचं, हात न उचलता.
प आणि ड यांच्या मधोमध
कसरीनं खाल्लेलं भोक, जोंधळ्याएवढं.
तिथं काना असेल.
नसेलही.

"सरकारी दप्तरात 'पाडून' कोण लिहील हो?"
खरंय. 'उडी टाकून' तरी कोण लिहील?
कुलकर्ण्याला फौजदार नको असतो,
गावाला पंचनामा नको असतो.
आणि शेवटच्या रकान्यात, स्वच्छ, कसर न लागलेलं:
वर्दी देणार, नवरा.

घरी तांब्याचा हंडा आहे. काठावर ठोकून कोरलंय
हैबती गंगू शके १८२४ वैशाख.
मी बोटांवर मोजलं.
मध्ये पाडवा येतो म्हणून साल बदलतं,
नाहीतर अंतर तीन महिन्यांचं.
त्या हंड्यातून कोणत्या विहिरीचं पाणी आलं
ते हंड्यावर लिहिलेलं नाही.
त्या पाण्यावर आजोबा, त्यांचे पाच भाऊ, मी, पुतणी.
ठकू पडली नसती
तर रांगेत या जागी दुसराच कुणी.
पाडली नसती, तरी तेच.

देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी चांदीचा एक टाक आहे,
नाक झिजलेला, बाईचा.
कुठल्या देवीचा, कुणी विचारलं नाही,
दर मंगळवारी हळद वाहतो.
मरेपर्यंत तो गंगूच्या गळ्यात होता, काळ्या दोऱ्यात.
मेलेल्या सवतीला असं गळ्यात घालायची चाल होती,
हे गुरुजींनीच सांगितलं,
भिंग डबीत ठेवता ठेवता, सहज,
जसं कुणी एसटीची वेळ सांगतं.

मागचा माणूस खांद्यावरून वाकला.
सापडली का नोंद?
सापडली.
काय लिहिलंय?

त्याला जात विचारायची होती.
मी भोकावर नख ठेवून उभा.